कोनी शिकवलं?

परवा आमच्या सूनबाई नातवासाठी शाळा बघायला निघाल्या आणि यवतमाळातल्या चार शाळा पालथ्या घालून पाय चोळत घरी आल्या. एका शाळेची बस चांगली, एकीचं मैदान मोठं, एकीत म्हणे मुलांना टाय बांधावा लागतो. मी मेथी निवडत बसले होते. "आई, तुम्ही एवढी वर्षं मास्तरकी केली, तुम्हीच सांगा, चांगली शाळा ओळखायची कशी?" मी म्हटलं, "मले कायले विचारता बाई, मी शिकले त्या शाळेले दारच नव्हतं." ती हसली. सासूबाई नेहमीसारखं टोलवतात असं तिला वाटलं असेल. मी टोलवत नव्हते. मला खरंच उत्तर द्यायचं होतं, पण त्यासाठी सगळा एक दिवस सांगावा लागला असता, आणि तिच्या कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागल्या होत्या. तो दिवस इथं लिहून ठेवते.

आमचा तांडा घाटंजीच्या बाजूला, एका नाल्याच्या काठावर. बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडणारी आमची माणसं केव्हाची जमिनीला चिकटली होती, कापूस-ज्वारी करत होती, पण बोली मात्र घरात, गोठ्यात, भांडणात आमचीच, गोरबोली. शाळा म्हणजे हरजी नायकाच्या गोठ्याला लागून काढलेली पडवी. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य. तीन बाजूंनी कुडाच्या भिंती, वर कवेलू, चौथी बाजू उघडी. त्या उघड्या बाजूनं म्हशीही आमच्याकडं बघत आणि आम्हीही म्हशींकडं. मास्तर एकच, ढोबळे गुरुजी. नाल्यापलीकडच्या गावात ते राहत आणि रोज सकाळी धोतर गुडघ्यापर्यंत खोचून नाला ओलांडून येत. उंच, हडकुळे, आवाज मात्र असा खणखणीत की त्यांनी पाढा सुरू केला की नायकाची म्हातारी आपल्या खाटेवर "बे दुणे" पुटपुटायची. चार वर्ग ते एकटे चालवीत. पहिलीला चिंचोके मोजायला द्यायचे, दुसरीला पाटीवर गणित, तिसरीला शुद्धलेखन, आणि चौथीत आम्ही दोघीच होतो, त्या आम्हा दोघींना टेबलाशी उभं करून आमच्याकडून वाचून घ्यायचे. जोडाक्षराला अडलं की छडी नाही उचलायचे, बोट ठेवायचे आणि म्हणायचे, फोडून वाच. मला वाचनाचं वेड लागलं ते तिथं. बाजारातून गुळाला गुंडाळून आलेला कागदही मी चाटूनपुसून वाचत असे, आधी चाटून आणि मग वाचून.

पण एका बाबतीत गुरुजी भारी कडक. शाळेत मराठीच बोलायचं. गोरबोलीतला एक शब्द तोंडातून निघाला की दहा उठाबशा. पाणी मागताना निघो, रडताना निघो, सूट नाही. आणि त्या उठाबशा मोजायचं काम माझ्याकडं, कारण मी मॉनिटर. मी मोठ्या तोऱ्यात मोजायची, खाली पुरतं न बसणाऱ्याची एक वाढवायचीसुद्धा. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. माझं खरं नाव जमनी, गुरुजींनी पटावर लिहिलं यमुना, आणि शाळेत मी यमुना होऊन अशी काही मिरवायची की घरी आल्यावर याडी म्हणायची, ही कोण पाहुणी आली गं बाई. याडी म्हणजे आई. तिला मराठी बाजारापुरती यायची. तिचं बोलणं मी इथं मराठीत लिहिते आहे, तेव्हा त्यातली निम्मी गंमत गेलीच समजा.

त्या वर्षी थंडीत घरात नुसता धसका होता. आदल्या सालच्या तपासणीत डिप्टी साहेबांनी शेरेबुकात लिहून ठेवलं होतं की हजेरी फार कमी, सुधारणा न दिसल्यास ही शाळा बंद करून मुलांची नावे गावच्या शाळेत घालावीत. शेरेबुक म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याची वही. साहेब येतो, बघतो आणि तिच्यात लिहून जातो, आणि मग त्या लिहिण्यावर सगळं ठरतं. गुरुजींनी ते नायकाला वाचून दाखवलं आणि नायकानं तांडाभर केलं. आमचा बा रात्रीचं जेवण आटोपल्यावर बिडी पेटवत एवढंच म्हणाला की शाळा गेली तर जमनी घरी. नाल्यापल्याड पोरगी धाडणार नाही. पावसाळ्यात त्या नाल्यानं दोन बैल नेले होते हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. गावच्या शाळेत तांड्याच्या पोरांना भिंतीकडं वेगळं बसवतात हे बानं ऐकलं होतं, आणि मोठी होत चाललेली पोरगी गावातून एकटी जाणार म्हणजे लोक काय म्हणतील, हे त्यानं न ऐकताच ठरवलं होतं. याडी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिच्या कोपरापर्यंतच्या बांगड्या थापेसरशी खळखळायच्या. बाचं बोलणं झालं तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. मी अंबाडीच्या भाजीत भाकर कुस्करत बसले. चौथीची परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली होती आणि माझं नशीब कोणत्या तरी साहेबाच्या टाकाला टांगलेलं होतं.

साहेब सोमवारी येणार असा निरोप आला. रविवारी आम्ही पोरींनी पडवी शेणानं सारवली, पोरांनी कुडाला पांढरी माती फासली, नायकानं म्हशी दुसऱ्या गोठ्यात हलवल्या. गुरुजींनी पहिलीच्या पोट्ट्यांना ओळीत उभं करून शिकवलं, "साहेब काई इचारो, उभं राहाचं, हात जोडाचे, अन् म्हनाचं, होय साहेब. म्हना!" पोट्टे ओरडले, "होय साएब!" पहिलीत माझी धाकटी बहीण चंदी होती. सहा वर्षांची, नाक कायम वाहतं, पण हात असा वळणदार की गुरुजी तिची पाटी आम्हाला दाखवायचे. तिला मराठी अजून धड कळत नव्हती. कळत नसलं की ती डोळे मोठे करून मान डोलवायची. सोमवारी सगळा तांडा वेचणी सोडून बसला. साहेब आले नाहीत. मंगळवारी आले नाहीत. बुधवारी बायाबाप्ये कुरकुरायला लागले, कापूस बोंडातून गळून मातीत चालला होता. गुरुवारी लोकांनी अर्ध्या पोरांना वेचणीला नेलं. आणि साहेब नेमके गुरुवारी आले.

दोन सायकली नाल्याच्या उतारावरून उतरताना मलाच आधी दिसल्या. पुढं साहेब, पायजम्यासारख्या ढगळ पँटला खाली चिमटे लावलेले, डोक्यावर टोप. मागं शिपाई. "गुरुजी, आले!" मी ओरडले. गुरुजींनी पडवीत नजर फिरवली, अर्धी रिकामी. "यमुना, पळ! वावराइतून पोट्टे आन. कोनाचे बी असोत, आपल्या शाळेचे हाय तेवढे आन." मी जी सुटले, ते काट्याकुट्यातून, पऱ्हाटीतून, हाका मारत. याडीनं मला पाहिलं आणि काही न विचारता तीही हाका मारायला लागली. आम्ही पोरं हाकत आणली तेव्हा कोणाच्या पदरात कापूस होता, कोणाच्या केसांत, आणि पायांना मातीचे बूट. साहेब खुर्चीवर बसून हजेरीपट बघत होते. त्यांनी धापा टाकणाऱ्या आमच्याकडं एकदा पाहिलं, मग पटाकडं, मग पुन्हा आमच्याकडं. तोंडातून फक्त "हं" निघालं.

हे साहेब नवे होते, पुण्याकडचे. आम्ही नुकतेच मुंबईच्या राज्यात गेलो होतो आणि तिकडचे अधिकारी इकडं यायला लागले होते. त्यांची मराठी पुस्तकासारखी, प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातलेलं. गुरुजीही त्यांच्यापुढं तशीच बोलायला बघत होते आणि मधेच घसरत होते. साहेबांनी तिसरीचे पाढे घेतले, पावकी घेतली, दुसरीची गणितं तपासली. मला न पाहिलेला धडा काढून दिला. मी वाचला. कुठं अडले नाही. मला वाटलं आता तरी शाब्बास म्हणतील. "हं," साहेब म्हणाले, "बस." बाहेर एव्हाना याडी, बा, नायक आणि वावरातून आलेली माणसं अंगणात उकिडवी बसली होती. साहेबाच्या प्रत्येक "हं"ला ती माणसं नायकाच्या तोंडाकडं बघायची आणि नायक माझ्या तोंडाकडं.

मग साहेब पहिलीकडं वळले. चंदी सगळ्यात पुढं. "काय येतं तुला?" चंदीनं मान डोलावली. "होय साएब." साहेबांनी पाटीकडं बोट दाखवलं, तेव्हा तिला उमगलं आणि तिनं जीभ बाहेर काढून क-ची अख्खी बाराखडी काढली, कः पर्यंत. साहेबांनी पाटी हातात घेतली, उजेडाकडं धरली, आणि त्या माणसाच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. आमच्या सगळ्यांच्या छातीवरचा धोंडा हलला. ते खाली वाकले आणि मायेनं म्हणाले, "वा! किती सुंदर अक्षर! हे तुला कोणी शिकवलं?"

चंदीनं त्यांच्याकडं बघितलं. मोठे डोळे करून. "होय साएब."

"अगं, कोणी शिकवलं?"

"कोनी, साएब," चंदी म्हणाली, आणि मानेनं होकार भरला.

वाचणाऱ्याला सांगायला हवं, आमच्या बोलीत 'कोनी' म्हणजे 'नाही'. आवं कोनी म्हणजे येत नाही, खायो कोनी म्हणजे खाल्लं नाही. आणि आमच्याकडची गावची माणसं 'कोणी शिकवलं' असं म्हणतच नाहीत, ती म्हणतात 'कोनं शिकवलं'. गुरुजीही तसंच म्हणायचे. साहेबाचं ते स्वच्छ 'कोणी' चंदीच्या कानात पडलं ते आमचं 'कोनी' होऊन. तिला वाटलं, एवढा मोठा साहेब म्हणतोय की तुला शिकवलं नाही. आणि गुरुजींनी बजावून ठेवलेलं, साहेब काही म्हणो, होय म्हणायचं.

साहेबाचं हसू गेलं. "म्हणजे गुरुजींनी नाही शिकवलं?"

"होय साएब."

साहेबांनी शेजारच्या पोराला विचारलं, "आणि तुला रे? तुला कोणी शिकवलं?" त्यानं हात जोडले, "कोनी, साएब." तिसऱ्यानंही तेच. साहेब सरळ उभे राहिले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "ढोबळे, ही मुलं ह्या शाळेची आहेत? की तपासणीपुरती कुठून आणलीत? मघाशी पळवत आणताना मी पाहिलं."

गुरुजींनी हात जोडले. "साहेब, देवाशपथ... मीच शिकवलं साहेब. पटावर आहेत, नावं बघा." मग ते पुस्तकी मराठी विसरले. "काहून वं चंदे, म्या नाई शिकवलं तुले? सांग ना बाई साहेबाले!" चंदी त्यांचा चेहरा बघून रडायला लागली आणि रडत रडत म्हणाली, "होय साएब." साहेब खुर्चीकडं गेले, लाल वही उघडली आणि टाक शाईत बुडवला. "एवढंसं मूल खोटं बोलत नाही, ढोबळे."

शाळेतल्या प्रत्येक मोठ्या पोराला कळलं होतं काय झालं ते. प्रत्येकानं मान खाली घातली होती. कारण ते सांगायचं म्हणजे आमचा शब्द शाळेत उच्चारायचा. गुरुजींना काही कळत नव्हतं, तीन वर्षं आमच्यात काढून त्यांना आमचा 'नाही' माहीत नव्हता, आणि माहीत होणार कसा, आम्ही तो त्यांच्यापुढं काढला की मी एक-दोन-तीन मोजत होते. मला तेव्हा भयंकर राग आला. साहेबाचा आला, चंदीचा आला, गुरुजींचा तर फार आला, आणि माझा किती आला ते विचारू नका. टाक कागदाला टेकला तशी मी उठले.

"साहेब, लिहू नका."

गुरुजी म्हणाले, "यमुना, खाली बस." मी नाही बसले. तोंड सुटलं होतं. "साहेब, आमच्या बोलीत कोनी म्हनजे नाई. तुमी इचारलं कोणी शिकवलं, तं तिले वाटलं तुमी म्हनता नाई शिकवलं. अन् साहेबाले होयच म्हनाचं असं गुरुजीनं सांगून ठेवलं हाय." शेवटचं वाक्य बोलून गेल्यावर मला कळलं आपण काय बोललो, पण ते आता परत गिळता येत नव्हतं.

साहेबांनी टाक खाली ठेवला. "तिला तुमच्या भाषेत विचार. माझ्यासमोर." मी गुरुजींकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. मी चंदीजवळ बसले, तिचं नाक माझ्या ओढणीनं पुसलं, आणि शाळेच्या त्या सारवलेल्या जमिनीवर तीन वर्षांत पहिल्यांदा आमच्या बोलीत बोलले, माझ्या बहिणीशी. अरे, ती पोरगी जी सुटली! गुरुजींकडं बोट दाखवत तिनं सगळं सांगितलं. गुरुजी चिंचोके देतात, गुरुजी हात धरून क काढायला लावतात, पाटी पुसायला पाणी आणून देतात, एकदा तिच्या पायात काटा गेला तो गुरुजींनी काढला. मी एकेक वाक्य मराठीत करत गेले. बाहेर याडी पदर तोंडाला लावून ऐकत होती.

"किती वर्षं झाली इथं?" साहेबांनी गुरुजींना विचारलं.

"तीन, साहेब."

"आणि ह्यांच्या भाषेत 'नाही'ला काय म्हणतात ते आपल्याला माहीत नाही."

"शाळेत ती बोली बोलू देत नाही, साहेब. शिक्षा करतो." गुरुजी खाली बघून म्हणाले. "बाजारात लोक हसतात साहेब ह्याइच्या बोलीले. हसू नये म्हनून."

साहेबांनी पुन्हा टाक उचलला. बराच वेळ लिहीत राहिले. कागदावरची ती टाकाची खरखर मला अजून ऐकू येते. मग त्यांनी वही गुरुजींपुढं सरकवली, गुरुजींनी वाचली, खाली सही केली. साहेबांनी चंदीच्या डोक्यावर हात ठेवला, चहाला नको म्हणाले, आणि सायकली उतार चढून गेल्या.

त्या दिसेनाशा झाल्या तशी सगळी माणसं पडवीत घुसली. "काय लिवलं गुरुजी? राह्यली का शाळा?" हरजी नायक विचारत होता. बा त्याच्या मागं उभा होता, पागोटं हातात घेऊन. त्यांच्यातल्या एकालाही अक्षर येत नव्हतं. गुरुजींनी काहीही सांगितलं असतं तर ते खरं धरलं असतं. गुरुजींनी वही उचलली आणि माझ्या हातात दिली. "तू वाच. मोठ्यानं वाच, सगळ्याइले आयकू गेलं पायजे."

मी वाचायला लागले. हजेरी वेचणीच्या हंगामामुळे मध्यम. वाचन उत्तम, गणित समाधानकारक, पहिलीचे हस्ताक्षर विशेष चांगले. नायक प्रत्येक वाक्याला "हां, हां" करत होता. पुढच्या ओळीवर माझी नजर गेली आणि मी थबकले. ती मी डोळ्यांनी वाचली, आणि सोडली. उडी मारून शेवटच्या ओळीवर गेले. "सबब शाळा आहे त्या ठिकाणी चालू ठेवावी." पडवीत एकच गलका झाला. कोणीतरी नायकाला मिठी मारली, याडीनं चंदीला उचललं, आणि बा, कधी न हसणारा आमचा बा, माझ्याकडं बघून असा हसला की मला वही मिटून त्याच्याकडं पळत जावंसं वाटलं. मी मिटलीही.

"यमुना," गुरुजी म्हणाले. "एक ओळ सुटली."

"नाई गुरुजी."

"सुटली बाई. उघड वही."

गलका हळूहळू थांबला. मी मान हलवली. माझ्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. गुरुजी माझ्यामागं येऊन उभे राहिले, वही उघडली, आणि त्या ओळीच्या पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. मी वाचलं. शिक्षकास मुलांची बोली अवगत नाही व ती बोलल्याबद्दल मुलांस शिक्षा केली जाते, ही बाब खेदजनक असून, सदर शिक्षकाची अन्यत्र बदली... पुढचा शब्द मला दिसेना. डोळे भरले होते म्हणून, आणि शब्दही अवघड होता म्हणून. मी अडले.

"जोडाक्षर हाय," गुरुजी माझ्या कानाशी म्हणाले. त्यांचं बोट हललं नाही. "घाई करू नको. फोडून वाच."

मी फोडून वाचलं. प्र. स्ता. वित.